बाबांना पाणपक्षी दाखवायचे असतील तर अंबाझरी

बाबांचे गुडघे दुखतात, पण पाणपक्षी दाखवायचेत आणि थोडं चालणंही व्हायला हवं, तर नागपुरात अंबाझरी की गोरेवाडा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत अंबाझरी जैवविविधता उद्यान. गोरेवाड्याचं जंगल मलाही प्रिय आहे, पण झाडीतला पक्षी ऐकू जास्त येतो, दिसतो कमी. अंबाझरीला मोकळं गवत आणि तलाव दोन्ही आहेत.

डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दार उघडताच आत शिरा. वेळ, तिकीट आदल्या दिवशी विचारून ठेवा. सगळं उद्यान पालथं घालायच्या नादी मात्र लागू नका. ऊन पाठीशी राहील अशी काठाजवळची एक जागा धरा, घडीची खुर्ची टाका आणि बाबांना निवांत बसू द्या. चालत्या माणसापासून बदकं लांब सरकत राहतात. गप्प बसलेल्याची त्यांना हळूहळू सवय होते.

आधी वारकरी नावाचा पाणपक्षी ओळखा: अंगानं काळा, चोच आणि कपाळ पांढरं, उडण्याआधी पाण्यावरून धावत सुटतो. मग थापट्या बदक शोधा. चोच पळीसारखी रुंद. मान लांबवून चोच पाण्याला टेकवतो आणि तसाच गोल गोल फिरत राहतो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात. पाणी गळून जातं, बिया-किडे आत राहतात. दोन-चार थापटे एकामागे एक फिरायला लागले की बाबा दुर्बीण परत देणार नाहीत! तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं, छोटी लालसरी मात्र अख्खी बुडी मारते. एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच बदकं ओळखू येतात.

परतताना गवतातल्या वाटेनं या. काटक्यांवर गप्पीदास, झुडपाच्या शेंड्यावर खाटीक पक्षी, नशीब असेल तर गवतालगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी.

पट्टकादंब हंस बघायचेच असतील तर नागपूर परिसरातला पारडगावसारखा गावतलाव गाठा. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले ते पक्षी फोटोसाठी उठवलेले मला अजिबात सहन होत नाहीत. गाडी लांब ठेवा, ड्रोन नकोच. तलावात शिंगाडा लावलेला असेल तर तिथल्या धीवर (मासेमार) मंडळींना विचारूनच काठावर उतरा. कोणता थवा कुठे बसतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची घ्या. त्याहून जास्त ताकदीची बाबांच्या हातात हलेल.