व्हिनाइल स्टिकरखालचे फुगे

प्रश्न : बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) रेडिओ कंट्रोल विमानाच्या पंखावर, फिल्म (इस्त्रीने ताणून बसवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण) लावलेल्या भागावर, वायुदलाचं गोल चिन्ह चिकटवलं. खाली फुगे राहिले आणि उन्हात ते वाढले. सुईने टोचू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टोचू नका, खालची फिल्मही फुटेल. उचकटून तेच परत लावणंही नको. व्हिनाइल ताणलं जातं आणि वर्तुळ लंबगोल होतं. नवीन कापून घ्या.

कोरडं चिकटवलं की हवा अडकते, उन्हात ती फुगते. म्हणून ओलं लावायचं : अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. साबण जास्त झाला की गोंद धरत नाही. त्याआधी फिल्मच्या सुरकुत्या इस्त्रीने काढाच. नंतर उष्णता दिलीत तर फिल्म आकसेल, स्टिकरला चुण्या पडतील, कडा सुटतील.

पंख पुसून कोरडा करा. पंखावर आणि गोंदाच्या बाजूवर फवारा मारा, स्टिकर सरकवत जागेवर आणा. जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढा. रिब्जच्या (पंखाच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या पोकळ भागात हात अगदी हलका, नाहीतर फिल्म खचते. वरची ट्रान्सफर टेप (स्टिकर उचलून लावायला वरून चिकटवलेली पट्टी) लगेच ओढायचा मोह होतो. तासभर थांबा आणि ती उलटी दुमडून, पृष्ठभागाला चिकटून ओढा. रात्रभर वाळू द्या.

चिन्ह एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) फटीवरून जात असेल तर आधीच दोन तुकडे करा. आणि भारतीय वायुदलाच्या चिन्हात केशरी बाहेर, हिरवा आत; बरेच जण उलटं लावतात.