वाचकांचे प्रश्न : पांढरी दोनचा अभंग आणि पंचवीस पितळी वाद्ये

प्रश्न : आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो. माझी मुलगी इथल्या गावच्या ब्रास बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवते. वडील म्हणत असत त्या पारंपरिक अभंगाची चाल बँडने वाजवावी, अशी तिची इच्छा आहे. पेटीवर पांढरी दोनमध्ये बसणारी ती चाल मी जशीच्या तशी स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवून बँडमास्तरांना दिली, पण ‘हे असे वाजणार नाही’ म्हणून त्यांनी कागद परत केला. चूक कुठे झाली?
– एक वाचक, यॉर्कशायर

उत्तर : चूक चालीत नाही, पट्टीत आहे. पेटीवर ‘सी’ लिहिला की सीच वाजतो. कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारख्या छोट्या पितळी वाद्यावर) मात्र लिहिलेला सी काळी पाचचा, म्हणजे बी फ्लॅट, ऐकू येतो आणि तुमच्या मुलीच्या टेनर हॉर्नवर तोच सी काळी दोनचा, म्हणजे ई फ्लॅट. तुमची चाल शुद्ध स्वरांची आहे असे धरले, तर पांढरी दोनचा षड्ज कायम ठेवून रीतसर पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, काढल्यावर कॉर्नेटवाल्यांपुढे चार शार्प (स्वर अर्ध्याने चढवण्याच्या खुणा) येतील आणि हॉर्नवाल्यांपुढे पाच. फ्लॅटच्या (स्वर अर्ध्याने उतरवण्याच्या खुणांच्या) पट्ट्यांना सरावलेल्या गावच्या बँडला ही शिक्षाच आहे. षड्ज अर्ध्या स्वराने चढवून काळी दोनवर न्यावा, म्हणजे कॉर्नेटला एकच फ्लॅट उरतो आणि हॉर्नला एकही नाही. वडिलांची पट्टी सोडल्याची रुखरुख बाळगू नये. गळ्याप्रमाणे पट्टी बदलणे आपल्या भजनी मंडळींना नवे नाही.

या बँडमध्ये साधारण पंचवीस पितळी वाद्ये आणि दोन-तीन तालवादक असतात. एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बेस (खर्जातले मोठे ट्यूबा), असा हा ताफा. आपल्या लग्नाच्या बँडमधील क्लॅरिनेट येथे नाही, ट्रम्पेटही नाही. बेस ट्रॉम्बोन वगळता सर्व पितळी वाद्यांचे पार्ट, अगदी सर्वांत मोठ्या बेसचासुद्धा, ट्रेबल क्लेफमध्येच (उंच स्वरांसाठीच्या रेघांच्या खुणेत) लिहितात. त्यामुळे कॉर्नेट वाजवणाऱ्याला उद्या युफोनियमवर बसवले तरी लिहिलेल्या स्वराची बोटे तीच राहतात. तुमच्या कागदावर बेससाठी बेस क्लेफ (खालच्या स्वरांची खूण) असेल, तर कागद परत येण्याचे ते दुसरे कारण समजावे.

पंचवीस जणांना सतत वाजवायला लावण्याचा मोह मात्र आवरावा. ओठ थकतात, आणि थकलेल्या ओठांतून आधी वरचे स्वर जातात. अभंगात एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे ही रीत आहेच, तीच येथे कामी येते : पहिले कडवे एकट्या टेनर हॉर्नला द्यावे, ध्रुपद कॉर्नेटांनी उचलावे, आणि फ्लूगलहॉर्नने मधूनच एखादी ओळ घ्यावी. तानपुऱ्याचा षड्ज चार बेसांत वाटून द्यावा, म्हणजे एक जण श्वास घेत असताना दुसरा स्वर धरून ठेवतो. या षड्जासाठी ई फ्लॅट बेसच्या पार्टमध्ये सी लिहावा आणि बी फ्लॅट बेसच्या पार्टमध्ये एफ. मींड हवीच असेल तर ती ट्रॉम्बोनकडे सोपवावी, कारण तीन कळांच्या वाद्यांवर स्वरांवरून सलग घसरत जाणे अवघड असते. ट्रॉम्बोनच्या नळीलाही मर्यादा आहेच, तेव्हा मींड लहान ठेवावी. तालवादकांना ड्रम देण्याऐवजी खरे टाळ द्यावेत. घरी असतील तर तेच न्यावेत.

अभंग या मंडळींना परका वाटेल, ही शंका काढून टाकावी. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला १८५३ पासून ज्या स्पर्धा भरू लागल्या, त्यांत दीर्घकाळ ऑपेरांतल्या वेच्यांची रूपांतरेच वाजत होती. राष्ट्रीय स्पर्धेसाठी खास ब्रास बँडकरिता रचलेली कृती, पर्सी फ्लेचर यांची ‘लेबर अँड लव्ह’, थेट १९१३ साली आली. रूपांतर हा या बँडांचा रोजचाच शिधा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. शब्द संतांचे असले तरी चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची निघाली, तर तिच्यावर भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो आणि रूपांतराला परवानगी लागते. वडिलांची चाल खरोखरच परंपरेतली आहे ना, हे घरातल्या जुन्या माणसांना आधी विचारावे, आणि मग हॉर्नचा पार्ट मुलीकडून एकदा वाजवून घ्यावा. तिचा श्वास जिथे तुटेल तिथे स्वल्पविरामासारखी खूण करून बाकीचे पार्ट काढायला बसावे.