महाविद्यालयीन मंडळाला विकिपीडियावर स्वतंत्र पान असावे का?

आपल्या महाविद्यालयाचे वाङ्मय मंडळ बारा वर्षे अखंड चालू आहे, तरीही त्याचे विकिपीडियावरील पान ‘उल्लेखनीयता नाही’ असे कारण देऊन काढून टाकले गेले. हा अन्याय नाही का, असे आपण विचारले आहे. विद्यार्थिदशेत मी अशाच एका मंडळाचा सचिव होतो आणि मी लिहिलेले पानही असेच काढले गेले होते, त्यामुळे आपली नाराजी मला कळते. तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की बहुतेक विद्यार्थी मंडळांना स्वतंत्र पान असू नये. मात्र काहींना ते असलेच पाहिजे.

‘उल्लेखनीयता’ या शब्दामुळेच बराच गैरसमज होतो. आपले काम उल्लेख करण्याच्या लायकीचे नाही, असे कोणी तरी ठरवले आहे, असे तो ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात विचारले जाते ते एवढेच, की मंडळाशी काहीही संबंध नसलेल्या कोणी विश्वासार्ह ठिकाणी त्याविषयी सविस्तर लिहिले आहे का. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, म्हणून तेथे लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन नसते. वजन असते ते त्याने दाखवलेल्या संदर्भाला.

मी पाच संदर्भ दिले होते. त्यांपैकी तीन आमच्याच वार्षिक नियतकालिकातले होते आणि एक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा होता. पाचवे होते स्थानिक दैनिकातले एक कात्रण, आणि माझी सगळी भिस्त त्यावरच होती. पानाला जोडलेल्या चर्चा पानावर विकिपीडियाच्या एका संपादकाने विचारले, “ही बातमी वार्ताहराने लिहिली आहे, की मंडळाने पाठवली आहे?” मी कात्रण पुन्हा काढून वाचले. काव्यवाचन स्पर्धेचे ते वृत्त म्हणजे मी स्वतः लिहून दिलेले प्रसिद्धिपत्रक होते. प्रमुख पाहुण्यांच्या आडनावात मी केलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा त्यात जशीच्या तशी छापली गेली होती. म्हणजे पाचही संदर्भ आमचेच होते, आणि आम्हीच आमच्याविषयी साक्ष देत होतो.

याउलट 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये स्थापन झालेल्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’चे उदाहरण पाहावे. आरंभी तीही निबंध वाचणाऱ्या आणि चर्चा करणाऱ्या तरुणांची मंडळीच होती. परंतु दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1849 मध्ये तिच्यामार्फत मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि तिच्याच मराठी शाखेतून ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. मुंबईतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही संस्था टाळताच येत नाही. तिच्यावर पान का असावे, हे तिच्या सभासदांनी पटवून द्यावे लागत नाही, कारण ते काम इतिहासकारांनी आधीच केलेले आहे. ऑक्सफर्ड युनियन या 1823 पासूनच्या, ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळाचेही तसेच आहे. राजा आणि देश यांच्यासाठी हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही, हा ठराव तेथे फेब्रुवारी 1933 मध्ये 275 विरुद्ध 153 मतांनी संमत झाला, तेव्हा त्यावर ब्रिटनभर गदारोळ उठला होता.

या नियमात एक असमतोल आहे, आणि तो मला मनापासून खटकतो. पुण्या-मुंबईतील नाट्य मंडळाच्या एकांकिकेची निदान दखल तरी घेतली जाते (तीही बहुधा एकांकिकेची किंवा स्पर्धेची असते, मंडळाची क्वचितच). तालुक्याच्या गावी वीस वर्षे भित्तिपत्रक चालवणाऱ्या मंडळाकडे मात्र कोणी वार्ताहर फिरकत नाही. पण त्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. मंडळातले विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात आणि पानाकडे पाहणारे कोणी उरत नाही. मग कधीचाच पदवी घेऊन गेलेला मुलगा वर्षानुवर्षे ‘विद्यमान अध्यक्ष’ म्हणून तेथे राहतो, आणि एखाद्याने खोडसाळपणे काही घातले तर तेही तसेच राहते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या महाविद्यालयावर पान असेल तर त्यात ‘विद्यार्थी उपक्रम’ असा विभाग करून मंडळाविषयी चार-पाच वाक्ये लिहावीत. स्थापनेचे वर्ष किंवा नियमित स्पर्धांची नावे अशा वादातीत माहितीसाठी महाविद्यालयाचे नियतकालिकही संदर्भ म्हणून चालते. स्वतंत्र पानाची पात्रता मात्र त्याने सिद्ध होत नाही. आपण स्वतः मंडळाचे सदस्य आहात, हे चर्चा पानावर आधीच नमूद करावे. त्याच वेळी ग्रंथालयातील बारा वर्षांचे अंक, हस्तलिखिते आणि कार्यक्रमपत्रिका एकत्र करून त्यांची सूची करावी आणि ती ग्रंथपालांच्या स्वाधीन करावी. आपल्या तालुक्याच्या वाङ्मयीन जीवनावर पुढे कोणी प्रबंध किंवा पुस्तक लिहायला घेतले, तर त्याला हीच सामग्री लागेल, आणि त्याने मंडळाविषयी सविस्तर लिहिले तर आज आपल्याकडे नसलेला स्वतंत्र संदर्भ तेव्हा हाती येईल.