दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) आणि घनवादी (क्यूबिस्ट) चित्र यांतला फरक नुसतं बघून कसा ओळखायचा?

आधी उजेड बघा. दृक्प्रत्ययवादी चित्रकार मोनेच्या १८७२ च्या ‘इंप्रेशन, सनराइज’मध्ये बंदरावर धुकं आहे आणि पाण्यात सूर्याचं नारिंगी प्रतिबिंब. जवळ गेलात तर नुसते कुंचल्याचे फटकारे, चार पावलं मागे सरलात की पाणी! त्या घटकेचा उजेड पकडायचा, बस्स.

घनवादी चित्रकार पिकासो आणि ब्राक यांना उजेडाशी फारसं देणंघेणं नाही. १९१० च्या आसपासची त्यांची चित्रं करडी-तपकिरी. एकच व्हायोलिन समोरून आणि बाजूने एकदम दाखवलेलं. त्यात दोघं सही बरेचदा कॅनव्हासच्या मागे करत, त्यामुळे कोणाचं कुठलं हे ओळखताना भलेभले अडखळतात.

या दोन्हींतला मधला दुवा म्हणजे चित्रकार सेझान. मी तर म्हणेन, सुरुवात त्याच्या सफरचंदांच्या चित्रांपासूनच करा. टेबलावरच्या कापडाच्या डावी-उजवीकडची टेबलाची कड नीट बघा, बऱ्याच चित्रांत ती जुळतच नाही.