'उच्च सदन' की 'वरिष्ठ सभागृह'?

इंदुरातल्या रामबागेतल्या एका काकूंचा प्रश्न आलाय. मुलगी एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करते. भंवरकुआंच्या क्लासमधल्या टिपणांत राज्यसभेला 'उच्च सदन' लिहिलंय, आणि घरात आजोबा म्हणतात, 'वरिष्ठ सभागृह' म्हण. मुलगी दोघांनाही विचारते: सभागृह म्हणजे हॉल ना? आणि राज्यसभा वरिष्ठ असेल, तर पैशाच्या विधेयकावर तिचं काही चालत कसं नाही?

हॉलचा प्रश्न आधी घेतो, कारण तो अस्सल इंदुरी आहे. आपल्याकडे 'सभागृह' म्हटलं की जाल सभागृहच डोळ्यांपुढे येतं. हिंदीत सभागृह म्हणजे कार्यक्रमाची जागा. तिथे बसून कायदे करणाऱ्यांना हिंदी 'सदन' म्हणते. मराठीत जागाही सभागृह आणि तिच्यात बसलेली मंडळीही सभागृह. 'अख्खं घर लग्नाला गेलंय' म्हटल्यावर भिंती वऱ्हाडात निघाल्या असं कुणाला वाटत नाही, तसंच 'सभागृहानं विधेयक फेटाळलं'. संविधानाच्या मराठी पाठात 'सभागृह' आहे, हिंदी पाठात 'सदन'. गंमत अशी की सदन म्हणजेसुद्धा घरच. पुण्या-मुंबईकडे त्याची सदनिका होऊन ती लाखांत विकली जाते, ते सोडा.

आता 'वरिष्ठ'. खरी गफलत इथे आहे. 'वरिष्ठांना विचारून सांगतो' हे ऑफिसातलं वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की वरिष्ठ म्हणजे हुकूम सोडणारा असंच वाटतं. प्रत्यक्षात हा इंग्रजी 'अपर हाउस'चा उल्था. इंग्लंडात उमरावांच्या सभेला सोळाव्या शतकापासून असं म्हणत. (अमेरिकेची संसद 1790 ते 1800 फिलाडेल्फियात होती, तेव्हा सेनेट खरोखरच माडीवर बसे. नाव त्यावरून पडलं अशी कथा सांगतात; पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे.) आपल्या संविधानात 'वरचं' किंवा 'खालचं' असं काही लिहिलेलंच नाही. 'वरिष्ठ', 'उच्च' हे सगळे आपण व्यवहारात लावलेले शब्द.

म्हणून मुलीची शंका रास्त आहे. धन विधेयक लोकसभेतच मांडावं लागतं. राज्यसभेला 14 दिवस मिळतात. तेवढ्यात ती शिफारशी करू शकते, आणि त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. घटनादुरुस्ती सोडून इतर विधेयकांवर दोघींचं जमलंच नाही, तर संयुक्त बैठक बोलावता येते. लोकसभेचे 543 आणि राज्यसभेचे 245 समोरासमोर आले की काय होणार ते उघड आहे. 1961, 1978 आणि 2002 अशी तीनदा ती कायद्यासाठी भरली. वर खुर्चीवर बसतात ते लोकसभेचे अध्यक्ष!

पण कनिष्ठही म्हणवत नाही. राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला, विषय राष्ट्रहितासाठी संसदेनं हाती घ्यावा, हे राज्यसभाच दोन तृतीयांश मतांनी ठरवू शकते. उपराष्ट्रपतींना हटवण्याचा ठराव तिथेच सुरू होतो. आणि ती विसर्जित होत नाही. सदस्य सहा वर्षांसाठी येतात, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात. नर्मदेचं पाणी बदलतं, नर्मदा तीच. वयाचं म्हणाल तर लोकसभेला 25 पुरे, इथे 30 लागतात. 'वरिष्ठ' शब्द कुठे शोभलाच तर इथे, वडीलधाऱ्याच्या अर्थानं. घरातले आजोबा ऐकून घेतात, सल्ला देतात. तिजोरीची किल्ली मात्र सुनेकडे.

तेव्हा हिंदीतून पेपर असेल तर 'उच्च सदन' लिहावं, 'वरिष्ठ सभागृह' नको. तपासणारा हॉल शोधत बसेल. मराठीत बोलताना आजोबांचंच बरोबर. महाराष्ट्रात विधान परिषदेमुळे, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहामुळे, हा शब्द रोज कानावर पडतो. मध्य प्रदेशात परिषदच नाही, म्हणून आपली पोरं त्याला बिचकतात.

जाता जाता, काकूंनी न विचारलेलं. लोकसभेचे 'अध्यक्ष', राज्यसभेचे 'सभापती'. हे मराठी-हिंदीत सारखंच, आणि उपराष्ट्रपती हेच पदसिद्ध सभापती. पण आपल्याकडे पेपरात नुसतं 'सभापति' दिसलं, तर दिल्लीकडे पाहण्याआधी बातमी नगर निगमाची नाही ना, ते बघून घ्यावं.