पहिला एलईडी लावण्याआधी

भाऊ, आधी एवढंच पक्कं करा: व्होल्टेज भागिले रोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये) म्हणजे करंट. बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि 470 ओहमचा रेझिस्टर (रोध देणारा छोटा भाग; पिवळा-जांभळा-तपकिरी पट्टे) आणा. एलईडी स्वतःवर साधारण 2 व्होल्ट घेतो. उरलेले 7 भागिले 470, म्हणजे सुमारे 15 मिलिअँपिअर. छान उजेड पडतो, एलईडीही सुरक्षित.

सुरुवातीच्या चुका दोनच, पण महागात पडतात:

- रेझिस्टर न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडणं. करंट अडवायला काहीच नसतं, एलईडी क्षणात जळतो.
- करंट मोजताना मल्टिमीटर करंटच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावणं. त्या रेंजवर मीटरचा रोध अगदी कमी असतो, मीटरमधला फ्यूज उडतो. वायर सोडवून मीटर मधे घाला.

घरातल्या 230 व्होल्टला एवढ्यात हात नको. ट्रान्झिस्टरही नंतर.