हातात पैसा कमी असताना स्कॉटलंडच्या सरकारने कशाला प्राधान्य दिलं?

थोडक्यात, गरीब मुलांचा पैसा राखला, घरांचा कापला. तिथला बराचसा खर्च लंडनहून येणाऱ्या ठोक अनुदानावर चालतो, आणि रोजच्या खर्चासाठी मनाला येईल तसं कर्जही काढता येत नाही. २०२४ मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, झालेल्या जॉन स्विनींनी बालदारिद्र्य हटवणं सर्वांत वर ठेवलं. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना २०२४-२५ मध्ये मुलामागे आठवड्याला मिळणारे २६.७० पौंड शाबूत राहिले. पण २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात परवडणाऱ्या घरांच्या निधीला जवळपास चौथाई कात्री लागली होती. हे मला पटत नाही: भाडं वाढलं की ते २६ पौंड घरमालकाकडेच जाणार ना! पुढच्या वर्षी निधी पुन्हा वाढवून ७६.८ कोटी पौंड केला म्हणा.